ख्रिस्तसभा आणि तिचा अधिकार : दहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला, त्याबद्दल

कोर्स संपून तीन आठवडे झाले. लगेच लिहिणार होते पण मुद्दाम थांबले, कारण कोर्स संपल्या संपल्या माणूस भारावलेला असतो आणि मग जे खटकलं ते लिहायचं राहून जातं. नाव देत नाहीये, खाली दोन तक्रारी आहेत आणि शिकवणारे फादर आणि सिस्टर दोघंही अगदी जीव तोडून शिकवतात, त्यांना उगाच त्रास नको. विषय असा की कॅथलिक शिकवणीप्रमाणे ख्रिस्तसभा म्हणजे नेमकं काय आणि तिला शिकवायचा अधिकार कुठून येतो, किती येतो आणि कुठे थांबतो. दहा आठवडे, आठवड्याला दीड तास, शेवटची वीस मिनिटं प्रश्नांसाठी.

मी का गेले ते आधी सांगते. जन्मापासून कॅथलिक आहे, मिस्सा चुकवत नाही, विश्वासांगीकारातलं, म्हणजे मिस्सात आपण श्रद्धा काय ते म्हणतो त्यातलं, "एक, पवित्र, कॅथलिक आणि प्रेषितीय" तोंडपाठ आहे. पण ऑफिसातल्या मैत्रिणीनं एकदा सहज विचारलं, "अगं, तुमचे पोप बोलतील ते सगळं तुम्हाला खरं मानावंच लागतं का? उद्या काहीही बोलले तरी?" टोमणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "नाही गं, तसं नसतं." मग कसं असतं? ते काही मला सांगता येईना. जी गोष्ट मी दर रविवारी मोठ्यानं म्हणते ती एका जिवलग मैत्रिणीला दोन वाक्यांत समजावता येत नाही हे मला फार लागलं. त्याच आठवड्यात नाव नोंदवलं.

पहिला वर्ग नुसत्या शब्दावर होता आणि मला वाटलं होतं कंटाळा येईल, तसं झालं नाही. फादर म्हणाले आपण बोलताना "चर्च" म्हणतो तेव्हा डोळ्यापुढे इमारत येते, पण मराठीत आपल्याकडे ख्रिस्तसभा हा शब्द आहे आणि तो मूळ ग्रीक एक्लेसियाच्या जास्त जवळचा आहे, कारण एक्लेसिया म्हणजे बोलावून जमवलेली सभा. म्हणजे कोणीतरी हाक मारली म्हणून जमलेली माणसं. लोकांनी एकत्र येऊन, घटना लिहून, अध्यक्ष निवडून काढलेली ही संस्था नाही, हाक आधी आहे आणि सभा नंतर. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं जातं, कारण संस्था आपण काढली असती तर नियमही आपण बदलले असते, पण जिथे आपण बोलावलेले आहोत तिथे बोलावणाऱ्याचं काय म्हणणं आहे ते जपणं हेच पहिलं काम होतं. अधिकाराचा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

दुसरा वर्ग मात्र या कोर्सचा जीव आहे. सिस्टरनी आम्हाला आठ चिठ्ठ्या करायला लावल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक विषय : ख्रिस्तसभेचं रहस्य, देवाची प्रजा, बिशप आणि धर्मगुरू, प्रापंचिक लोक, सगळ्यांना पावित्र्याचं बोलावणं, व्रतस्थ (सिस्टर, ब्रदर वगैरे), स्वर्गाकडे चाललेली यात्रेकरू ख्रिस्तसभा आणि पवित्र मरिया. म्हणाल्या, ख्रिस्तसभेवर एक दस्तऐवज लिहायचाय, लावा बघू क्रम. मी पटकन लावला आणि दुसऱ्या नंबरवर बिशप आणि धर्मगुरू ठेवले, लोक खाली चौथ्या नंबरवर. वर्गातल्या बहुतेकांनी तेच केलं होतं. मग त्यांनी स्क्रीनवर लुमेन जेन्शियुमची अनुक्रमणिका उघडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेचा, हा दस्तऐवज २१ नोव्हेंबर १९६४ ला जाहीर झाला, शेवटच्या मतदानात २१५१ मतं बाजूनं आणि विरोधात फक्त ५. त्यात पहिलं प्रकरण रहस्य, दुसरं देवाची प्रजा आणि तिसरं अधिकारपदांची रचना. आणि हा क्रम आपोआप आलेला नाही, १९६३ च्या मसुद्यात अधिकारपदांचं प्रकरण आधी होतं आणि देवाच्या प्रजेचं नंतर, परिषदेनं ते उलटं केलं. त्याच्याही आधीच्या, १९६२ च्या मसुद्यावर तर बेल्जियमचे बिशप दे स्मेट यांनी सगळ्यांसमोर टीका केली होती की यात विजयाचा दर्प आहे, सगळं धर्मगुरूंभोवती फिरतंय आणि कायद्याची भाषा जास्त आहे.

मी माझ्या चिठ्ठ्यांकडे बघत बसले. इतकी वर्षं माझ्या मनात ख्रिस्तसभेचं चित्र असं होतं की वर पोप, खाली बिशप, त्याखाली फादर आणि तळाला आम्ही. शिकवण असं सांगते की आधी स्नानसंस्कारानं, म्हणजे बाप्तिस्म्यानं, सगळे एक प्रजा होतात, पोपसुद्धा आधी स्नानसंस्कार झालेला एक ख्रिस्ती आहे, आणि मग त्या प्रजेच्या आत, त्या प्रजेसाठी काही जणांना सेवेचा अधिकार दिला जातो. संत ऑगस्टीनचं वचन त्या दस्तऐवजात घेतलंय, त्याचा भाव असा की तुमच्यासाठी मी बिशप आहे, तुमच्यासोबत मी ख्रिस्ती आहे. पण इथं एक गैरसमज होऊ शकतो आणि सिस्टरनी तो लगेच दूर केला, याचा अर्थ अधिकार लोकांनी मत देऊन दिलेला आहे असा नाही. तोच दस्तऐवज स्पष्ट म्हणतो की सर्वांचं सामाईक याजकपण आणि धर्मगुरूंचं सेवेचं याजकपण यांत फरक नुसता कमी-जास्तीचा नाही, मुळातलाच आहे. अधिकार ख्रिस्ताकडून येतो. कुणासाठी येतो तर लोकांसाठी. हे दोन्ही एकदम धरून ठेवायचं, एकच धरलं की गाडी घसरते.

तिसरा-चौथा वर्ग बायबल आणि सुरुवातीच्या शतकांचा. मत्तय १६ मधल्या, येशूनं पेत्राला देऊ केलेल्या स्वर्गराज्याच्या किल्ल्या सगळ्यांना माहीत असतात, पण फादरनी आधी यशया २२ उघडायला लावलं, तिथे राजघराण्याच्या कारभाऱ्याच्या खांद्यावर दाविदाच्या घराण्याची किल्ली ठेवलीय. म्हणजे किल्ल्या कारभाऱ्याकडे असतात पण वाडा मालकाचा असतो. कारभारी दार उघडेल, बंद करेल, त्याचा शब्द चालेल, पण वाडा विकता येणार नाही आणि भिंती मनासारख्या पाडता येणार नाहीत. पोप म्हणजे पेत्राचा वारस असं आम्ही मानतो, पण मला पोपपदाबद्दल इतकं साधं आणि इतकं पक्कं कुणी कधी सांगितलं नव्हतं. मग प्रेषितांची कृत्ये १५, जिथे यरुशलेमात प्रेषित आणि वडीलजन बसून, वाद घालून निर्णय घेतात आणि तो आपला एकट्याचा नाही तर पवित्र आत्म्याचा आणि आमचा म्हणून कळवतात. आणि गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय, जिथे पौल पेत्राला तोंडावर सांगतो की तू चुकलास. पेत्राचं स्थान त्यानं गेलं नाही आणि पौलाला कुणी बाहेर काढलं नाही. हा उतारा मी आधी वाचलेला होता, पण अधिकाराच्या प्रश्नाशी जोडून कधीच वाचला नव्हता.

सुरुवातीच्या शतकांमधून इग्नेशियस आणि इरेनियस या दोन बिशपांवर थोडं झालं. "कॅथलिक ख्रिस्तसभा" हे शब्द आपल्याला पहिल्यांदा सापडतात ते इग्नेशियसच्या स्मुर्णाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, आणि इरेनियस रोमच्या बिशपांची क्रमानं नावं देतो, हे दाखवायला की शिकवण हातातून हातात कशी आली. इथं अजून वेळ द्यायला हवा होता असं मला वाटलं, पण ठीक आहे, दहाच आठवडे.

आता १८७०. पहिली व्हॅटिकन परिषद, १८ जुलै, बाहेर वादळ, विजा कडाडतायत आणि आत पोपच्या अचूकतेवर, म्हणजे ठरावीक अटींत शिकवताना पोप चुकू शकत नाही यावर, मतदान, ५३३ विरुद्ध २. काही बिशप, ज्यांना हे पटत नव्हतं किंवा आत्ता नको असं वाटत होतं, ते आधीच निघून गेले होते. हा वर्ग मला वाटतं सगळ्यांनी करावा असा, कारण यात फादरनी भाषण केलंच नाही. व्याख्येचं वाक्य समोर ठेवलं आणि एकेक तुकडा वाचायला लावला. पोप सगळ्या ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ आणि शिक्षक म्हणून बोलत असेल, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असेल, आणि संपूर्ण ख्रिस्तसभेनं मानावं म्हणून तो शेवटचा निर्णय देत असेल, तर. हे सगळं एकत्र असेल तरच. मग त्यांनी उदाहरणं टाकली आणि आम्ही एकेक खोडत गेलो. विमानात पत्रकारांशी बोलले? खोडा. एका देशाच्या बिशपांना पत्र? खोडा. अर्थकारणावर, हवामानावर मत? तांत्रिक भाग खोडा. स्वतःचं पुस्तक? खोडा, आणि इथे त्यांनी सांगितलं की पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये येशूवरच्या आपल्या पुस्तकात सुरुवातीलाच लिहिलंय की हे माझं वैयक्तिक शोधणं आहे, माझ्या म्हणण्याला विरोध करायला कुणीही मोकळं आहे. खोडत खोडत शेवटी १८७० नंतरची एकच गोष्ट पानावर राहिली, १ नोव्हेंबर १९५०, पवित्र मरियेचं स्वर्गोन्नयन, म्हणजे तिला देहासकट स्वर्गात घेतलं गेलं ही शिकवण. आणि तेसुद्धा पोप बारावे पायस यांनी एका सकाळी उठून ठरवलं नव्हतं, १९४६ मध्ये जगभरच्या बिशपांना पत्र लिहून विचारलं होतं की तुमचे लोक, तुमचे धर्मगुरू आणि तुम्ही हे मानता का. शतकानुशतकं लोक जे मानत होते त्यावर शिक्का बसला.

१८७० च्या त्या व्याख्येच्याच दस्तऐवजात असंही आहे की पेत्राच्या वारसांना पवित्र आत्म्याचं वचन दिलंय ते नवी शिकवण काढण्यासाठी नाही, प्रेषितांकडून आलेला ठेवा जपण्यासाठी आणि नीट समजावण्यासाठी आहे. हे वाक्य मी माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५ चा दस्तऐवज देई वेर्बुम तर सरळच म्हणतो की मॅजिस्टेरियम, म्हणजे शिकवणुकीचा अधिकार, देवाच्या शब्दाच्या वर नाही, त्याची सेवा करतो, मिळालंय तेवढंच शिकवतो. आपण मराठीत एखाद्याबद्दल म्हणतो ना की त्यांचा त्या विषयातला अधिकार मोठा आहे, तेव्हा त्यांच्याकडे सत्ता आहे असं आपल्याला म्हणायचं नसतं, त्यांनी ते आत मुरवलंय असं म्हणायचं असतं. मला वाटतं अधिकार शब्दाचा हा अर्थ आपण ख्रिस्तसभेबद्दल बोलताना विसरतो आणि सत्ता हाच अर्थ धरून बसतो, आपलेच लोक बसतात, बाहेरच्यांना काय बोलायचं.

अजून एक गोष्ट त्या वर्गात कळली जी मला कुणीच सांगितली नव्हती. १८७० ला परिषद पूर्ण झालीच नाही. दुसऱ्याच दिवशी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जाहीर झालं, सप्टेंबरात इटलीच्या सैन्यानं रोम घेतलं आणि परिषद थांबली. ख्रिस्तसभेबद्दल, बिशपांबद्दल जे बोलायचं होतं ते राहिलं, फक्त पोपचा भाग मंजूर झाला. वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि ते पूर्ण व्हायला १९६४ उजाडलं, जेव्हा लुमेन जेन्शियुमनं सांगितलं की बिशपांचा समूहसुद्धा, आपल्या प्रमुखासोबत म्हणजे पोपसोबत, आणि त्याच्याशिवाय कधीच नाही, संपूर्ण ख्रिस्तसभेवर सर्वोच्च अधिकाराचा धनी आहे. मधली चौऱ्याण्णव वर्षं लोकांनी अर्धंच वाक्य ऐकलं, माझ्या चिठ्ठ्यांचा क्रम कुठून आला असेल ते मला तिथे समजलं.

आता तक्रारी.

पहिली, सातव्या आठवड्याची हँडआउट. विषय होता कुठल्या शिकवणीला किती आणि कसा होकार द्यायचा, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे होतं. शिकवण अशी आहे की सगळं एका वजनाचं नसतं. जे देवानं प्रकट केलेलं आहे आणि ख्रिस्तसभेनं तसं जाहीर केलंय त्याला श्रद्धेचा होकार. जे त्याच्याशी घट्ट जोडलेलं आणि कायमचं म्हणून ठरवलंय ते ठामपणे स्वीकारायचं. आणि पोप किंवा बिशप अंतिम निर्णय न देता जे शिकवतात त्याला मनाची आणि इच्छेची आदरपूर्वक मान्यता, तीही कुठल्या प्रकारच्या दस्तऐवजात, किती वेळा आणि कुठल्या शब्दांत सांगितलंय ते बघून. हँडआउटमध्ये तिन्ही ठिकाणी एकच शब्द छापला होता, "आज्ञापालन". सगळा विषयच पुसला गेला. श्रद्धा म्हणजे आज्ञापालन नाही आणि आदरपूर्वक मान्यता म्हणजे तर नाहीच, त्यात माणूस विचार करतो, समजून घ्यायचा मनापासून प्रयत्न करतो, अडलं तर विचारतो. मी मेल केला, उत्तर आलं की पुढच्या बॅचला दुरुस्त करू. पण आमच्या बॅचचं काय, नुसती एक ओळ सगळ्यांना पाठवली असती तरी चाललं असतं. ज्यांनी प्रश्न विचारला नाही ते तोच एक शब्द घेऊन गेले. १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या पुस्तकात, कलम ७४९ मध्ये स्वच्छ लिहिलंय की एखादी शिकवण अचूक म्हणून जाहीर झालीय हे उघडपणे सिद्ध असल्याशिवाय तसं समजायचं नाही, आणि कलम २१२ मध्ये श्रद्धावंतांना आपलं मत मेंढपाळांना कळवायचा हक्क आहे, कधीकधी कर्तव्यसुद्धा. ही दोन कलमं हँडआउटमध्ये नव्हतीच, तोंडी आली आणि गेली.

दुसरी तक्रार लिहिताना हात जड होतोय. नवव्या आठवड्यात एका बाईंनी विचारलं की धर्मगुरूंकडून मुलांवर अत्याचार झाले, काही बिशपांनी ते झाकले, मग या अधिकाराकडे आम्ही कसं बघायचं. आवाज कापत होता त्यांचा. उत्तर आलं की माणसं चुकतात पण ख्रिस्तसभा पवित्र आहे, आणि वेळ संपत आलाय. मला हे अजिबात पटलं नाही. चूक आहे असं नाही म्हणत, पण तेवढंच म्हणून थांबणं म्हणजे अर्धं वाक्यच झालं परत. ज्या लुमेन जेन्शियुमवर आम्ही इतका वेळ घालवला त्याच्या आठव्या परिच्छेदात आहे की ख्रिस्तसभा पवित्र आहे आणि तरी तिला सतत शुद्ध होण्याची गरज आहे, तिनं पश्चात्तापाची वाट सोडायची नाही. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कायदा काढला, त्यात धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशी गोष्ट कळली तर ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक केलं आणि बिशपांनी झाकपाक केली तर त्यांचीही चौकशी होईल असं ठरवलं. हे तरी सांगायचं होतं. अधिकार सेवेसाठी दिलाय असं दुसऱ्या आठवड्यात शिकवता, तर तो उलटा वापरला गेला की काय होतं यावर पूर्ण दीड तास द्यायला हवा, आणि त्या बाईंना आधी ऐकून घ्यायला हवं होतं. मी हे फीडबॅक फॉर्ममध्ये याच शब्दांत लिहिलंय.

आठवा आठवडा बाकीच्या ख्रिस्ती लोकांबद्दल होता आणि तो छान झाला. आमच्या जाऊबाई प्रॉटेस्टंट घरातल्या, त्यामुळे माझं लक्ष जास्तच होतं. ख्रिस्ताची एकमेव ख्रिस्तसभा कॅथलिक ख्रिस्तसभेत "टिकून आहे" असा शब्द १९६४ ला आला, आधीच्या मसुद्यात सरळ "आहे" होतं. एका क्रियापदासाठी केवढा विचार! अर्थ असा की पूर्णता इथे आहे हे कॅथलिक शिकवण सोडत नाही, पण बाहेरही पावित्र्याची आणि सत्याची अनेक अंगं आहेत हे मनापासून मानते, आणि ज्यांचा योग्य रीतीनं स्नानसंस्कार झालाय ते आमच्याशी खऱ्या, जरी अपूर्ण, नात्यात आहेत. जाऊबाईंना हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "पूर्णता तुमच्याकडे हे मला मान्य नाही, पण बाकीचं ऐकून बरं वाटलं हो." एवढं मोकळं बोलणं आमच्यात याआधी झालं नव्हतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. आवाज बरा, स्क्रीनवरचा मजकूर बारीक, मोबाईलवर वाचता येत नाही, लॅपटॉप घ्याच. रेकॉर्डिंग चौदाच दिवस राहतं, हे फार कमी आहे, नोकरी-घर सांभाळणाऱ्याला एक आठवडा चुकला की पुढचं अवघड होतं. भाषांतरं काही ठिकाणी इतकी जड की मूळ इंग्रजी उघडून बघावं लागलं.

कुणी करावा? ज्यांना संस्कारांबद्दल, प्रार्थनेबद्दल ऐकायचंय त्यांनी नको, हा तो कोर्स नाही. धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या शिक्षकांनी नक्की करावा, कारण मुलं हेच प्रश्न विचारतात. इतर धर्मांतले दोघं आमच्या बॅचमध्ये होते आणि त्यांना कुठेही अवघडल्यासारखं झालं नाही असं ते स्वतः म्हणाले. मी पाचपैकी चार स्टार देतेय, सातवा आणि नववा आठवडा सुधारला तर पाच देईन. दुसरा वर्ग चुकवू नका, आणि चिठ्ठ्या करायला सांगतील तेव्हा अनुक्रमणिका आधी शोधून ठेवू नका, आपल्या मनातला क्रम काय आहे ते खरंखरं लावून बघा.

मैत्रिणीला मी शेवटी ते खोडलेलं पान दाखवलं. तिनं सगळं वाचलं, १९५० वर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग बाकीचं जे खोडलंय, ते ऐकायचं की नाही ऐकायचं?" मी म्हटलं ऐकायचं, आदरानं ऐकायचं, फक्त सगळं एका वजनाचं नाही, आणि सातव्या आठवड्याची माझी वही काढली, हँडआउट नाही, वही. जेवणाची सुट्टी संपली तेव्हा आम्ही दुसऱ्या पायरीवर होतो, तिसरी उद्यावर ठेवलीय.